झेरॉक्स मशीनवरचा स्कॅन फोल्डरमध्ये येत नाही, तेव्हा

‘परवापर्यंत स्कॅन येत होता, आज येत नाही. आणि आम्ही काहीच बदललेलं नाही.’ सीएंचं ऑफिस असो, वकिलांचं असो, पतसंस्था असो की शाळेचं कार्यालय, तक्रार जवळजवळ याच शब्दांत येते. मशीनची काच स्वच्छ असते, झेरॉक्स निघते, प्रिंट निघते; फक्त स्कॅन केलेली फाइल कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये पोचत नाही आणि पडद्यावर काहीतरी एरर येतो. मशीनचा इंजिनिअर म्हणतो, ‘कॉम्प्युटरवाल्याला बोलवा.’ कॉम्प्युटरवाला म्हणतो, ‘मशीनवाल्याला बोलवा.’ दोघांचंही व्हिजिटचं बिल मात्र येतं.

‘काहीच बदललेलं नाही’ हे तुमच्यापुरतं खरं असतं. बदल विंडोजच्या अपडेटने केलेला असतो, नाहीतर इंटरनेटवाल्याने राउटर बदललेला असतो, नाहीतर एखाद्या सहकाऱ्याने सोमवारी सकाळी स्वतःचा पासवर्ड बदललेला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि त्याच्या आगेमागे अनेक ऑफिसांनी विंडोज ११ चे कॉम्प्युटर घेतले. जुनं मशीन आणि नवा कॉम्प्युटर अशी जोडी जमवताना हा प्रश्न जास्त त्रास देतो.

सुरुवातीला एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. प्रिंट काढताना कॉम्प्युटर मशीनकडे जातो. स्कॅन करताना उलटं होतं: मशीन तुमच्या कॉम्प्युटरकडे येतं, एखाद्या माणसासारखं नाव आणि पासवर्ड सांगतं, फोल्डर उघडतं आणि त्यात फाइल ठेवतं. त्यामुळे ‘प्रिंट तर येते ना!’ हा पुरावा इथे कामाचा नाही. मशीनला तुमच्या कॉम्प्युटरने कुठे अडवलं, एवढंच शोधायचं आहे.

पडद्यावरचा संदेश वाचा, बंद करू नका

एरर आला की बहुतेक लोक ‘ओके’ दाबून पुन्हा स्कॅन करतात. थांबा. मोबाइलने त्या संदेशाचा फोटो काढा. संदेश निघून गेला असेल तर पॅनेलवरच्या ‘जॉब स्टेटस’ किंवा ‘सेंड लॉग’मध्ये तो सापडतो. कंपनी कोणतीही असो, अर्थ साधारण तीनपैकी एक असतो.

- कॉम्प्युटर सापडला नाही. ‘सर्व्हर कनेक्शन’, ‘होस्ट’ किंवा ‘टाइमआउट’ असे शब्द येतात. कॅननमध्ये ७५१, क्योसेरामध्ये ११०१. इथे परवानगीचा प्रश्न अजून आलेलाच नाही. कॉम्प्युटर झोपला आहे का, त्याचा आयपी पत्ता बदलला आहे का, फायरवॉल आडवी येते आहे का, ते पाहा.
- नाव किंवा पासवर्ड नाकारला. ‘लॉगिन’ किंवा ‘ऑथेंटिकेशन’ हे शब्द दिसतात. कॅननमध्ये ८०६, क्योसेरामध्ये ११०२.
- आत आलं, पण फोल्डर सापडला नाही किंवा लिहू दिलं नाही. कॅननमध्ये ८०४, क्योसेरामध्ये ११०३. हा खरा परवानगीचा एरर. पण शेअरचं, म्हणजे नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरचं, नाव चुकलं तरी हाच येतो.

पहिल्या प्रकारच्या एररवर फोल्डरच्या परवानग्या बदलत बसणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. तरी रोज तेच होतं.

इंजिनिअरला फोन करण्याआधीची एक चाचणी

ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि दोष कोणाच्या बाजूला आहे ते ती सांगते. ऑफिसातल्या दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर बसा. तो कॉम्प्युटर स्कॅनच्या फोल्डरशी आधीच जोडलेला नसावा. शंका असेल तर आधी रीस्टार्ट करा. एकाच कॉम्प्युटरकडे एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी विंडोज जाऊ देत नाही आणि मग चाचणीच फसते.

१. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा, स्कॅन घेणाऱ्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता, पुन्हा एक उलटी रेघ आणि शेअरचं नाव लिहा. उदाहरणार्थ: \\१९२.१६८.१.२५\स्कॅन (प्रत्यक्षात इंग्रजी अंक आणि अक्षरं वापरा).
२. नाव आणि पासवर्ड विचारला की मशीनमध्ये भरलेलेच द्या. तुमचे स्वतःचे देऊ नका.
३. फोल्डर उघडला तर आत एक टेक्स्ट फाइल तयार करा, तिचं नाव बदला, मग ती पुसून टाका.

तिन्ही गोष्टी जमल्या तर कॉम्प्युटरची बाजू जवळपास ठीक आहे; मशीनमध्ये भरलेली माहिती चूक आहे किंवा मशीन जुनं पडतं आहे. फोल्डरच उघडला नाही तर मशीनला हात लावायची गरज नाही. फाइल तयार झाली पण नाव बदलता आलं नाही, तर परवानगी अर्धवट दिलेली आहे. काही मशीनं आधी तात्पुरत्या नावाने फाइल लिहितात आणि शेवटी नाव बदलतात, म्हणून ही पायरी गाळू नका.

स्कॅनसाठी वेगळं खातं काढा

बहुतेक ऑफिसांत मशीनमध्ये कोणाचं तरी स्वतःचं विंडोजचं नाव आणि पासवर्ड भरलेला असतो. बहुधा ज्या दिवशी मशीन बसवलं, त्या दिवशी जो समोर बसला होता त्याचा. घोडं इथेच पेंड खातं. तो माणूस पासवर्ड बदलतो आणि सगळ्यांचा स्कॅन बंद होतो. तो नोकरी सोडतो, त्याचं खातं बंद होतं, पुन्हा तेच. शिवाय त्याचा पासवर्ड ऑफिसच्या मशीनमध्ये कायमचा राहतो.

उपाय सोपा आहे: ज्या कॉम्प्युटरवर स्कॅन यायचा आहे त्यावर फक्त मशीनसाठी एक साधं लोकल खातं काढा. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘अकाउंट्स’, मग ‘अदर युझर्स’ आणि ‘ॲड अकाउंट’. तिथे विंडोज मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागते. साइन-इनची माहिती नाही असं सांगणारा पर्याय निवडा आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युझर जोडण्याचा. खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊ नका. लागत नाहीत.

आता या खात्याबाबतचे खड्डे. वाचकांच्या गोंधळाचा मोठा भाग इथलाच आहे.

पिन म्हणजे पासवर्ड नव्हे. सकाळी कॉम्प्युटर उघडताना तुम्ही चार-सहा आकडे टाकता, तो पिन फक्त त्या कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसासाठी असतो. नेटवर्कवरून येणाऱ्या मशीनला तो चालत नाही, बोटाचा ठसा आणि चेहरा तर नाहीच. कित्येकांना आपला खरा पासवर्ड आठवतही नाही, कारण वर्षभर पिनच वापरलेला असतो. वेगळं खातं काढण्याचं हेही एक कारण.

रिकामा पासवर्ड चालत नाही. ‘आमच्या कॉम्प्युटरला पासवर्डच नाही, मग अडचण काय?’ अडचण हीच. पासवर्ड नसलेल्या लोकल खात्याला विंडोज फक्त समोर बसून उघडू देते, नेटवर्कवरून नाही. मशीनमध्ये पासवर्डची जागा मोकळी ठेवून काम होणार नाही.

मुदत. प्रो आवृत्तीत ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मधून खातं काढलंत, तर पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलण्याची सक्ती करणारी खूण आधीच लावलेली असते. ती काढा, नाहीतर मशीन पहिल्याच दिवशी अडेल. बिचारं पासवर्ड बदलणार कसं? ‘पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स’ ही खूण मात्र लावा. विंडोजच्या मूळ नियमाप्रमाणे लोकल पासवर्डची मुदत ४२ दिवस असते. सहा आठवडे उत्तम चाललेला स्कॅन एका सकाळी अचानक बंद पडला, तर आधी हेच पाहा.

खातं लॉक होणं. नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये (२२एच२ आणि पुढच्या) दहा वेळा चुकीचा पासवर्ड आला की खातं दहा मिनिटं लॉक होतं. मशीनमध्ये जुना पासवर्ड राहिला असेल आणि वैतागून कोणी पुन्हापुन्हा स्कॅन दाबत असेल, तर दहाचा आकडा पटकन गाठला जातो. त्यानंतर तुम्ही योग्य पासवर्ड भरलात तरी दहा मिनिटं तो नाकारला जातो आणि तुम्हाला वाटतं, हाही चुकलाच. पासवर्ड बदलल्यावर चहा घेऊन या आणि मग चाचणी करा.

पासवर्ड लांब ठेवा, पण साध्या अक्षरांचा आणि आकड्यांचा. काही मशीनांच्या पॅनेलवर विशेष चिन्हं शोधणं हीच शिक्षा असते, आणि काही जुन्या मशीनांत पासवर्डच्या लांबीला मर्यादा असते.

परवानग्या दोन ठिकाणी असतात

फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. वर ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ असे दोन वेगळे टॅब दिसतील. शेअरिंगमधली परवानगी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, सिक्युरिटीमधली म्हणजे तुमच्या फ्लॅटचं कुलूप. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात आणि दोघांत जो कडक असेल त्याचंच चालतं. एका ठिकाणी ‘फुल कंट्रोल’ देऊन दुसरीकडे फक्त ‘रीड’ राहिलं, तर मशीनला फक्त वाचता येईल. लिहिता येणार नाही.

‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मधून फोल्डर शेअर केला की विंडोज आपणहून ‘एव्हरीवन’ला ‘रीड’ एवढीच परवानगी देते. फोल्डर दिसतो, उघडतो, म्हणून सगळं झालं असं वाटतं. क्रम असा ठेवा:

- ‘सी’ किंवा ‘डी’ ड्राइव्हवर थेट एक नवा फोल्डर करा. डेस्कटॉपवरचा, डॉक्युमेंट्समधला किंवा वनड्राइव्हमधला फोल्डर घेऊ नका. तिथल्या परवानग्या त्या त्या माणसाच्या खात्याशी बांधलेल्या असतात.
- ‘शेअरिंग’, ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’, ‘परमिशन्स’ या वाटेने जा. यादीतून ‘एव्हरीवन’ काढा, स्कॅनचं खातं जोडा आणि ‘चेंज’वर खूण करा. फाइल उघडणाऱ्या सहकाऱ्यांची खातीही इथेच जोडा.
- मग ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये त्याच खात्याला ‘मॉडिफाय’ द्या.
- शेअरचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहान आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. फोल्डरचं नाव मराठीत असलं तर तुम्हाला छान वाटेल, पण जुन्या मशीनच्या पॅनेलवर ते टाइप कसं करणार?

ऑफिसात मॅक असेल तर ‘फाइल शेअरिंग’ सुरू करून त्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘विंडोज फाइल शेअरिंग’खाली त्या खात्यापुढे वेगळी खूण करावी लागते. ती राहिली की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं.

मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये काय भरायचं

पॅनेलवर एकेक अक्षर दाबत बसू नका. कोणत्याही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी पत्ता टाकला की त्याचं सेटिंगचं पान उघडतं. कॅनन त्याला रिमोट यूआय म्हणते, रिको वेब इमेज मॉनिटर, क्योसेरा कमांड सेंटर आरएक्स, तोशिबा टॉपॲक्सेस. नावं वेगळी, काम एकच.

होस्टच्या जागी कॉम्प्युटरचं नाव किंवा आयपी पत्ता येतो. आयपी दिलेला बरा, पण तो राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरसाठी राखून ठेवायला सांगा; नाहीतर काही दिवसांनी तो दुसऱ्याला मिळेल. पाथच्या जागी फक्त शेअरचं नाव येतं. तिथे ‘सी’ ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता भरलेला मी फार ठिकाणी पाहिला आहे. मशीनला तुमचा ‘सी’ ड्राइव्ह दिसत नाही, फक्त शेअर दिसतो. कंपनीप्रमाणे रेघा लागतात किंवा लागत नाहीत, तेव्हा आधीपासून चालणारी एखादी नोंद असेल तर तिच्याकडे पाहून भरा.

युझरच्या जागी नुसतं खात्याचं नाव चाललं नाही तर आधी कॉम्प्युटरचं नाव, उलटी रेघ आणि मग खातं असं लिहून पाहा. डोमेनसाठी वेगळी चौकट असेल तर तिथे कॉम्प्युटरचं नाव द्या. खरोखर डोमेन असलेल्या मोठ्या ऑफिसात तिथे डोमेनचं नाव येतं, आणि मशीनचं घड्याळही तपासावं लागतं. डोमेनमध्ये मशीन आणि सर्व्हर यांच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर योग्य पासवर्डही नाकारला जाऊ शकतो.

पासवर्ड ॲड्रेस बुकमधल्या प्रत्येक नोंदीत वेगळा साठवलेला असतो. दहा बटणं असतील तर दहा ठिकाणी बदला. एकाचा स्कॅन येतो आणि बाकीच्यांचा नाही, याचं कारण बहुधा हेच असतं.

विंडोज ११ आल्यावर जुनं मशीन का अडतं

मशीन आणि कॉम्प्युटर ज्या पद्धतीने फाइलची देवाणघेवाण करतात तिला एसएमबी म्हणतात. तिची पहिली आवृत्ती फार जुनी आणि असुरक्षित. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने तिच्यातल्याच भोकाचा फायदा घेतला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमधल्या विंडोज १० च्या अपडेटपासून, नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ती आपोआप मिळणं बंद झालं. तुमचं मशीन तेवढीच आवृत्ती बोलत असेल तर नव्या कॉम्प्युटरशी त्याचं जमणार नाही, परवानग्या कितीही उघड्या ठेवल्यात तरी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने आणखी दोन गोष्टी केल्या. प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन या आवृत्त्यांत देवाणघेवाणीवर डिजिटल सही असणं सक्तीचं झालं. आणि सहीसाठी पासवर्ड लागतो, म्हणून ‘पासवर्ड नको, सगळ्यांना मोकळं’ अशी गेस्ट पद्धत बाद झाली. अनेक छोट्या ऑफिसांत वर्षानुवर्षं तीच चालू होती. शिवाय कॉम्प्युटर नावाने शोधण्यासाठी जुनी मशीनं वापरतात ती १३७ ते १३९ क्रमांकांची पोर्टं नवा शेअर केल्यावर आता आपोआप उघडत नाहीत. आयपी पत्ता वापरा असं वर सांगितलं, त्यामागे हेही आहे.

तुमच्यापुढे पर्याय असे, आणि हा क्रमही माझ्या पसंतीचा आहे:

१. फर्मवेअर अपडेट. मशीनच्या कंपनीकडे किंवा डीलरकडे मॉडेल क्रमांक देऊन विचारा: एसएमबीची दुसरी किंवा तिसरी आवृत्ती आणि सही या मशीनला चालते का? काही मशीनांत सोय आधीच असते, फक्त सेटिंगमध्ये बंद असते.
२. मधे एनएएस ठेवा. छोटं नेटवर्क स्टोरेज आधीच असेल तर स्कॅन तिथे पाठवा आणि कॉम्प्युटरवरून उचला. विंडोजच्या अपडेटचा जाच बराच कमी होतो.
३. कॉम्प्युटरवरून स्कॅन ओढून घ्या. मशीनचा स्कॅन ड्रायव्हर बसवून कॉम्प्युटरच्या बाजूने स्कॅन सुरू केला तर शेअर, परवानगी, एसएमबी यांचा संबंधच राहत नाही. दिवसाला चार-पाच कागद असतील तर एवढं पुरे.
४. सहीची सक्ती सैल करा. ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’च्या ‘सिक्युरिटी ऑप्शन्स’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट नेटवर्क सर्व्हर’ने सुरू होणारा, संभाषणावर नेहमी डिजिटल सही मागणारा नियम ‘डिसेबल्ड’ करता येतो. हे फक्त स्कॅन घेणाऱ्या एकाच कॉम्प्युटरवर करा आणि ज्याने करून दिलं त्याच्याकडून तसं लिहून घ्या.

एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करणं मी या यादीत मुद्दामच घेतलेलं नाही. इंजिनिअर ते दोन मिनिटांत करून देतो आणि स्कॅन खरंच सुरू होतो. पण एका मशीनसाठी पतसंस्थेच्या खातेदारांच्या नोंदी असलेला कॉम्प्युटर २०१७ च्या आधीच्या अवस्थेत नेऊन ठेवणं शहाणपणाचं नाही.

राउटर बदलला असेल तर

नवा राउटर आला की विंडोज त्याला नवीन जागा समजते आणि नेटवर्क ‘पब्लिक’ धरते. पब्लिक म्हणजे एसटी स्टँडवरचं वायफाय. तिथे फाइल शेअरिंग बंद असतं. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’खाली जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करा.

पत्त्यांची मालिकाही बदलते. अनेक राउटर १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ वापरतात, जिओफायबरचा राउटर १९२.१६८.२९ वापरतो. मशीनला जुन्या मालिकेतला कायमचा पत्ता दिलेला असेल तर ते एकटं पडतं. लॅपटॉप गेस्ट वायफायवर असेल तरीही मशीनला तो दिसत नाही. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिच्यातही मशीनच्या पत्त्याला ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर मुभा द्या. आणि स्कॅन घेणारा कॉम्प्युटर झोपी जाणार नाही, असं पॉवरचं सेटिंग ठेवा.

मशीनच स्कॅन करू देत नसेल तर

स्कॅनचं बटण फिकट दिसतं किंवा आधी कोड मागितला जातो, तेव्हा कॉम्प्युटरकडे जाऊ नका. मशीनमध्ये विभागाप्रमाणे किंवा माणसाप्रमाणे कोड लावता येतात आणि एखाद्या कोडला फक्त झेरॉक्सची मुभा दिलेली असते. ॲडमिनच्या पासवर्डने आत जाऊन ती तपासा. एसएमबी पाठवण्याची सोयच मशीनमध्ये बंद असेल तर ती चालू करून मशीन मुख्य बटणाने बंद-चालू करा.

हे उपाय सुचवले गेले तर नकार द्या

- ‘फायरवॉल पूर्ण बंद करून टाकू.’ चाचणीपुरती दोन मिनिटं ठीक. काम झालं की लगेच सुरू.
- ‘एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊ.’ त्या फोल्डरमध्ये ग्राहकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, सातबारे आणि पगारपत्रकं पडणार आहेत, हे विसरू नका.
- ‘ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या, मशीनमध्ये तोच भरतो.’ एक कागद ठेवायला अख्ख्या घराच्या किल्ल्या कशाला?

स्कॅनचा फोल्डर गोदाम होऊ देऊ नका. आलेली फाइल योग्य जागी हलवायची आणि आठवड्याने उरलेलं पुसायचं, असा नियम एका माणसाकडे सोपवा.

फोल्डरऐवजी ईमेल हवा असेल तर

परवानगीचा घोळ इथेही आहे, फक्त वेगळा. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड मशीनमध्ये भरून मेल जाणं २०२२ च्या मे अखेरीस बंद झालं. आता त्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो आणि मशीनमध्ये तो भरावा लागतो. पोर्ट ५८७ किंवा ४६५. ऑफिसचं एखादं वेगळं खातं वापरा, साहेबांचं नको. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर तिथेही नुसत्या नाव-पासवर्डवर मेल पाठवण्याची पद्धत बंद करण्याचं ठरलेलं आहे, म्हणून मशीन घेतानाच ‘ओऑथ चालतं का’ हे विचारा. जीमेलमध्ये २५ एमबीपेक्षा मोठी जोडफाइल जात नाही. शंभर पानांची फाइल रंगीत आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करून ‘परवानगी नाही’ म्हणू नका. साध्या मजकुराला ३०० डीपीआय, काळं-पांढरं पुरतं.

एएमसी, इंजिनिअर आणि तुमचे हक्क

एएमसीच्या कागदावर टोनर, ड्रम आणि सुटे भाग यांचा उल्लेख असतो. नेटवर्कचं सेटिंग आणि फर्मवेअर याबद्दल बहुधा एक ओळही नसते. नूतनीकरणाच्या वेळी ती ओळ घालून घ्या: स्कॅन फोल्डरमध्ये किंवा मेलवर चालू ठेवणं कराराचा भाग आहे का, आणि विंडोजच्या अपडेटनंतर ते बंद पडलं तर व्हिजिटचे पैसे लागतील का?

मशीन विकत घेतलेलं असेल तर त्याचा ॲडमिन पासवर्ड तुमचा आहे. ‘तो कंपनीकडेच असतो’ हे उत्तर स्वीकारू नका. बऱ्याच मशीनांचा मूळ पासवर्ड तर कोणालाही मॅन्युअलमध्ये वाचायला मिळतो, तो पहिल्याच दिवशी बदला आणि नवा बंद पाकिटात कपाटात ठेवा. भाड्याच्या मशीनबाबत करारात काय लिहिलं आहे ते पाहा, पण ॲड्रेस बुक बदलण्यापुरता अधिकार मागून घ्या. इंजिनिअरने कॉम्प्युटरवर काय बदललं ते सर्व्हिस रिपोर्टवर लिहून द्यायला सांगा: कोणतं खातं, कोणता शेअर, कोणता नियम सैल केला. ‘सेटिंग केलं’ एवढ्या दोन शब्दांवर सही करू नका.

फोन करताना हाताशी मशीनचं मॉडेल, एररचा फोटो, विंडोजची आवृत्ती आणि वरच्या चाचणीचा निकाल असू द्या. अपयशी लॉगिनची नोंद ठेवणं सुरू असेल तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’च्या ‘सिक्युरिटी’ भागात ४६२५ क्रमांकाची नोंद सापडते. मशीनने कोणतं नाव सांगितलं आणि ते का नाकारलं, हे तिथे लिहिलेलं असतं. इंजिनिअरपुढे ती नोंद ठेवली की ‘कॉम्प्युटरवाल्याला बोलवा’ची फेरी वाचते.

लोकांची कागदपत्रं स्कॅन करणाऱ्या प्रत्येक ऑफिसाला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ पाहावा लागणार आहे. माहिती राखण्यासाठी वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

मोठ्या मशीनांत हार्ड डिस्क असते आणि स्कॅन केलेल्या पानांच्या प्रती तिच्यात राहू शकतात. अमेरिकेतल्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या संस्थेने भाड्याची झेरॉक्स मशीनं हार्ड डिस्क न पुसता परत दिली होती. त्यापायी २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरून प्रकरण मिटवावं लागलं. तुमचं मशीन बदलीत किंवा भंगारात जाणार असेल, तर गाडीत चढवण्याआधी ॲड्रेस बुक रिकामं करा, डिस्क पुसण्याची सोय चालवा आणि ती पुसल्याचं डीलरकडून लेखी घ्या. डीलर तयार नसेल तर डिस्क काढून ठेवा आणि मगच मशीन द्या.